रस्त्याकडेचे उपाहारगृह आणि त्याची उजळणारी पाटी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला महामार्ग कात्रजचा डोंगर आणि खेड-शिवापूर मागे टाकून भोर तालुक्यात शिरतो आणि सारोळ्याजवळ नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. हे अंतर फार मोठे नाही. मात्र या छोट्याशा पट्ट्यातून फुटणाऱ्या वाटा महत्त्वाच्या आहेत. नसरापूर फाट्यावरून पश्चिमेला वळले की मार्गासनी, विंझरमार्गे वेल्हे गाठता येते. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले त्याच बाजूला आहेत. पुढे कापूरहोळला एक रस्ता पूर्वेला नारायणपूर-सासवडकडे, तर दुसरा पश्चिमेला भोरकडे जातो. भोरहून वरंधा घाट उतरून महाडला पोहोचता येते, परंतु दरडींच्या भीतीने हा घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. फाटा म्हटला की एसटीची वाट पाहणारे प्रवासी आले, प्रवासी आले की चहाची टपरी आली आणि टपरी तग धरून राहिली की तिचे 'हॉटेल' झाले. मराठीत हॉटेल या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने खाण्याचे ठिकाण असाच आहे. मुक्कामाच्या जागेला 'लॉज' म्हणतात. मूळ इंग्रजी अर्थापासून इतका दूर गेलेला हा शब्द या फाट्यांवरच्या पाट्यांनीच रूढ केला, असे म्हटले तरी ती अतिशयोक्ती ठरू नये.

भोर संस्थान पंत सचिवांचे होते. १९४८ मध्ये ते तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाचा राजवाडा, वेळवंडी नदीवरील १९२८ मध्ये पूर्ण झालेले भाटघर धरण आणि रोहिड्यासारखे किल्ले यांच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. वेल्ह्याच्या बाबतीत तर शिवकालाचा इतिहास म्हणजेच तालुक्याचा इतिहास, असे समीकरण होऊन बसले आहे. शिवाजी महाराजांच्या राजधानीचा मान सुमारे पाव शतक ज्या राजगडाला मिळाला, त्याचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. या यादीत नोंदलेल्या मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे. याच गडाकडे जाणाऱ्या फाट्यावर गेली कित्येक दशके प्रवाशांना चहा, मिसळ, वडापाव आणि पिठलं-भाकरी देणाऱ्या उपाहारगृहांचा इतिहास मात्र कोठेही लिहिलेला नाही. तो होता तो पाट्यांवर होता, आणि पाट्या टिकत नाहीत.

पेंटरची पाटी

विजेची पाटी येण्यापूर्वी रस्त्यावरच्या उपाहारगृहाची ओळख पत्र्यावर रंगवलेली असे. पांढऱ्या किंवा पिवळ्या जमिनीवर लाल अथवा निळी अक्षरे, अक्षरांना काळी सावली, एका कोपऱ्यात देवाचे चित्र आणि दुसऱ्या कोपऱ्यात पेंटरची सही, हा सर्वसाधारण साचा होता. हॉटेलचे नाव बहुधा ग्रामदैवताचे, किल्ल्याचे किंवा मालकाच्या घरातील एखाद्या व्यक्तीचे असे. त्याखाली मजकूर येई. 'शुद्ध शाकाहारी', 'घरगुती जेवण', 'फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय' आणि थोडे नाव झाले की 'आमची कोठेही शाखा नाही'. हे शेवटचे वाक्य मराठी व्यापारी मनोवृत्तीचे उत्तम उदाहरण मानले जाते. शाखा काढता आली नाही यात अभिमान वाटणारा व्यावसायिक जगात अन्यत्र फारसा सापडणार नाही, असा विनोद नेहमी केला जातो. पण रस्त्यावरच्या हॉटेलच्या संदर्भात त्या वाक्याला व्यावहारिक अर्थ होता. चार पैसे मिळवलेल्या हॉटेलच्या नावाचेच दुसरे हॉटेल अर्ध्या किलोमीटरवर उभे राहण्याची भीती खरी होती आणि पाटी हा त्यावरचा स्वस्तातला उपाय होता.

रंगवलेल्या पाटीची अडचण एकच, ती सूर्यास्तानंतर दिसत नाही. सुरुवातीला पाटीवर एखादा बल्ब टांगून काम भागवले जाई. मालवाहतूक प्रामुख्याने रात्रीची. ट्रकचालकाने अंधारात दुरून ओळखून गाडी बाजूला घ्यावी, यासाठी पाटीने स्वतःच उजळणे आवश्यक होते. जगभरातील रस्त्यांवर हे काम प्रथम ज्या तंत्राने केले ते म्हणजे निऑन.

वायूचा उजेड

निऑन हा हवेतच असणारा वायू आहे, पण अत्यल्प. हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे अठरा भाग असतो. विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये लंडन येथे द्रवरूप हवेतून तो वेगळा केला. ग्रीक भाषेतील 'नवा' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. रॅम्से यांना १९०४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. विरळ निऑन भरलेल्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की तो लालसर केशरी प्रकाशतो, हे तेव्हाच ध्यानात आले होते. मात्र त्यातून व्यवसाय उभा केला तो जॉर्ज क्लोद या फ्रेंच अभियंत्याने. हवेचे द्रवीकरण करून प्राणवायू विकणे हा त्याचा मूळ उद्योग होता. त्यात निऑन आपसूक शिल्लक राही. डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याने निऑनच्या लांब नळ्या पेटवून दाखवल्या. १९१५ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले आणि पुढच्या वीस वर्षांत हा उजेड चित्रपटगृहे, पेट्रोलपंप आणि उपाहारगृहे यांच्या दर्शनी भागावर चढला. निऑन आणि मोटारगाडी यांची गाठ जन्मापासूनची आहे, ती अशी.

एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. निऑनचा खरा रंग एकच, लालसर केशरी. निळा उजेड हवा असल्यास नळीत आरगॉन आणि पाऱ्याचा अंश भरतात. इतर रंग काच रंगीत करून किंवा आतून विशिष्ट भुकटीचा थर देऊन मिळवतात. रंग कोणताही असला तरी पाटीला निऑनचीच पाटी म्हणतात.

ही पाटी यंत्रावर बनत नाही. कारागीर प्रथम कागदावर अक्षरांचा पूर्ण आकाराचा आराखडा काढतो, तोही उलटा. कारण नळी मागच्या बाजूने वाकवायची असते. मग काचेची नळी गॅसच्या ज्योतीवर फिरवत मऊ करायची, आराखड्यावर ठेवून काही सेकंदांत वळण द्यायचे आणि त्याच वेळी तोंडात धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर मारत राहायचे, म्हणजे वळणावर काच चिमटून बसत नाही. एक वळण चुकले की पूर्वीची मेहनत वाया. सर्व वळणे झाल्यावर दोन्ही टोकांना विद्युत अग्रे जोडतात, नळीतील हवा शोषून घेतात, मोठा विद्युतप्रवाह सोडून ती तापवतात व आतील अशुद्धी काढून टाकतात. शेवटी थोडा वायू भरून नळी बंद केली जाते. अक्षराला अक्षर जोडणारा जो भाग दिसायला नको, त्यावर काळा रंग फासतात. काम उत्तम झाले असेल आणि पाटी फुटली नाही, तर अशी नळी कित्येक दशके जळते. मात्र ती पेटवण्यासाठी हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो.

देवनागरीसाठी हे काम अधिक किचकट ठरते. रोमन लिपीत अक्षरे एका ओळीत बसतात. देवनागरीत मात्र वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर, उकार खाली, शिवाय जोडाक्षरे. शिरोरेषेमुळे एक सोयही आहे. सर्व अक्षरे मुळातच एका आडव्या रेषेला टांगलेली असल्याने जोडणाऱ्या नळीचा काही भाग लपवण्याऐवजी अक्षराचाच भाग म्हणून दाखवता येतो. पण 'उपाहारगृह' हा शब्द काचेत वळवायला सांगितला तर कुशल कारागीरही विचारात पडेल. 'हॉटेल' किंवा 'बार' त्यामानाने सोपे. व्यावसायिकांनी दर्शनी नावे आखूड ठेवली त्यामागे हेही एक कारण असू शकते.

फाट्यावरचा उजेड

मुंबईच्या मोठ्या रस्त्यांवर निऑनच्या जाहिराती शोभल्या. भोर-वेल्ह्याच्या फाट्यांचे अर्थकारण आणि हवामान या दोन्ही गोष्टी निऑनला अनुकूल नव्हत्या. या तालुक्यांच्या पश्चिम भागात पावसाळा जबरदस्त असतो. उच्च दाबाच्या विजेच्या जोडण्यांना सततची ओल मानवत नाही. फुटलेली नळी बदलायची तर कारागीर पुण्या-मुंबईचाच. त्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने भारनियमनाचा जो अनुभव घेतला, त्या काळात रात्री पाटी उजळणे हीच चैन होती. जनरेटरवर प्रथम फ्रिज आणि पंखे चालत, पाटी शेवटी.

त्यामुळे महामार्गावरच्या सर्वसाधारण हॉटेलने स्वस्त पर्याय स्वीकारला. पत्र्याच्या खोक्यात ट्यूबलाइट बसवून पुढे अॅक्रिलिकचा दुधी पत्रा आणि त्यावर अक्षरे, याला बाजारात 'ग्लोसाइन बोर्ड' म्हणतात. बोर्डाभोवती लग्नमंडपात लावतात तशा धावत्या दिव्यांच्या माळा. पुढे फ्लेक्स आला आणि पेंटरची सही पाटीवरून नाहीशी झाली. फ्लेक्सवर अक्षरांसोबत तंदुरी कोंबडीचे छायाचित्र छापता येऊ लागले. त्यानंतर एलईडी आले. आज ज्याला 'निऑन' म्हणून विकले जाते ती बहुधा लवचीक प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवलेली एलईडीची रांग असते. तिच्यात वायू नसतो, काच नसते आणि फुंकर मारणारा कारागीरही नसतो. वीज कमी लागते, पावसाची भीती कमी आणि किंमत आवाक्यात. हा बदल व्यावसायिकाच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र प्रत्येक नव्या तंत्राबरोबर आधीची पाटी भंगारात गेली आणि तिच्यासोबत हॉटेलचे जुने नाव, स्थापनेचे वर्ष, कधीकधी मूळ मालकाचे नावही गेले.

पाटीचे आयुष्य ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचा वेग. ताशी तीस किलोमीटर वेगाने घाट चढून आलेली एसटी एका सेकंदात सुमारे आठ मीटर पुढे सरकते. ताशी ऐंशीच्या वेगाने धावणारी मोटार त्याच सेकंदात बावीस मीटर कापते. पाटी दिसणे, वाचणे, थांबायचे ठरवणे आणि गाडी सुरक्षित बाजूला घेणे यासाठी दहा सेकंद धरले, तर पहिल्या प्रवाशाला ऐंशी-पंच्याऐंशी मीटरवरून वाचता येणारी पाटी पुरते, दुसऱ्याला सव्वादोनशे मीटरवरून. हाताने रंगवलेली चार ओळींची पाटी ही मंद रस्त्याची पाटी होती. रस्ता वेगवान झाला, अक्षरे मोठी झाली आणि मजकूर आटला. 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाचायला आता कोणालाच वेळ नाही.

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार हा सुवर्ण चतुष्कोन योजनेत समाविष्ट होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत पुणे-सातारा रस्ता चौपदरी झाला आणि कात्रजचा नवा बोगदा झाल्याने जुन्या घाटातील वाहतुकीचा मोठा हिस्सा तिकडे वळला. २०१० मध्ये देशातील राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि हा रस्ता महामार्ग क्रमांक ४८ चा भाग बनला. त्याच वर्षी सहापदरीकरणाचे काम हाती घेण्यात आले. ते अनेक वर्षे रेंगाळले आणि प्रवाशांच्या तक्रारींचा विषय झाले. रुंदीकरणात सर्वप्रथम जाते ते कडेचे झाड, मग पाटी, मग पुढची पडवी. उड्डाणपूल झाला की हॉटेल जागेवर राहते, पण रस्ता त्याच्या डोक्यावरून निघून जातो. सेवा रस्त्यावर उतरल्याखेरीज तेथे जाता येत नाही. अशा वेळी हॉटेल चालते ते सवयीच्या गिऱ्हाइकांवर किंवा खूप उंच खांबावर चढवलेल्या पाटीवर.

लुप्त होता होता वाचलेली एक पाटी

रस्त्याकडेच्या उपाहारगृहाची पाटी हा जतन करण्याजोगा ऐवज मानला जाऊ शकतो का, या प्रश्नाचे सर्वांत परिचित उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी या गावी लेकवुड रस्त्यावर १८ ऑगस्ट १९५३ रोजी एक हॅम्बर्गरचे दुकान उघडले. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या बंधूंनी सॅन बर्नार्डिनो येथे १९४० मध्ये सुरू केलेल्या आणि १९४८ मध्ये नव्या पद्धतीने मांडलेल्या हॉटेलचे ते अनुकरण होते. नवी पद्धत म्हणजे मोजकेच पदार्थ, वाढपी नाहीत, गिऱ्हाइकाने खिडकीशी येऊन घ्यायचे आणि हॅम्बर्गर पंधरा सेंटला. बंधूंच्या परवान्याने उघडलेले डाउनीचे दुकान मूळ दुकान धरून तिसरे ठरते.

गाडीतून जाणाऱ्याला ते दुरून दिसावे म्हणून इमारतीच्या दोन्ही बाजूंना जमिनीतून निघून छतावरून वळणाऱ्या पिवळ्या कमानी उभारण्यात आल्या. कमानीची कल्पना रिचर्ड मॅकडोनाल्डची. स्टॅन्ली मेस्टन या वास्तुविशारदाने तिला डौलदार आकार दिला. कमानींच्या कडांवरून निऑनच्या नळ्या फिरवल्या होत्या. म्हणजे इमारत हीच पाटी होती. कोनातून पाहिले असता त्या दोन कमानी इंग्रजी 'एम' अक्षरासारख्या दिसत. आज जगभर ओळखले जाणारे त्या कंपनीचे बोधचिन्ह १९६० च्या दशकात त्यातूनच साकारले. १९५९ मध्ये डाउनीच्या दुकानापुढे सुमारे साठ फूट उंचीची स्वतंत्र पाटी उभी राहिली. तिच्यावर हॅम्बर्गरचे डोके असलेला, 'स्पीडी' नावाचा एक छोटा आचारी निऑनच्या नळ्यांनी काढलेला आहे. नळ्यांचे संच आळीपाळीने पेटत आणि स्पीडी धावत असल्याचा भास होई.

पुढे व्यवसायाची सूत्रे रे क्रॉक यांच्याकडे गेली. १९६१ मध्ये त्यांनी बंधूंकडून सर्व हक्क २७ लाख डॉलरना विकत घेतले. साखळीतील दुकानांची रूपे बदलली, कमानी उतरल्या, स्पीडी निवृत्त झाला. डाउनीचे दुकान मात्र तसेच राहिले आणि त्याचे कारण गमतीदार आहे. त्याचा करार क्रॉक यांच्या कंपनीशी नव्हता, तो थेट मॅकडोनाल्ड बंधूंशी झालेला होता. त्यामुळे नूतनीकरणाचे आदेश त्याला लागू नव्हते, नवे पदार्थही नव्हते. मागे पडल्यामुळेच ते जुने राहिले. १९९० मध्ये कंपनीने ते ताब्यात घेतले. जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात इमारतीची हानी झाली, विक्रीही समाधानकारक नव्हती, तेव्हा दुकान बंद करण्यात आले.

येथे लोकमताने हस्तक्षेप केला. अमेरिकेतील ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने त्या वर्षीच्या अकरा सर्वाधिक धोक्यातील स्थळांच्या यादीत या हॅम्बर्गरच्या दुकानाचा समावेश केला. स्थानिक नागरिक आणि जतनप्रेमींचा दबाव वाढला. अखेर कंपनीने भूमिका बदलली आणि डिसेंबर १९९६ मध्ये डागडुजी करून दुकान पुन्हा उघडले. शेजारी छोटेसे संग्रहालयही झाले. भारतात याच कंपनीचे पहिले दुकान त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत सुरू झाले होते, हा योगायोगच. क्रॉक यांनी १९५५ मध्ये डेस प्लेन्स येथे उघडलेले दुकान १९८४ मध्ये पाडण्यात आले. त्याच्या जागी उभारलेली प्रतिकृतीही २०१८ मध्ये गेली. प्रतिकृतीला लोकांनी फारशी गर्दी केली नाही, खऱ्या पाटीला केली.

डाउनीच्या उदाहरणावरून एवढेच सिद्ध होते की श्रीमंत कंपनी आणि जागरूक नागरिक असले की पाटी वाचते. सर्वत्र तसे होत नाही. हाँगकाँगमध्ये एका जुन्या पाश्चात्त्य पद्धतीच्या उपाहारगृहापुढे रस्त्यावर झुकलेली निऑनची भलीमोठी गाय होती. लोक ती खूण धरून उतरत. बांधकाम नियमात न बसणारी म्हणून २०१५ मध्ये ती उतरवावी लागली. सुदैवाने तेथील एका नव्या संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. गाय वाचली, पण रस्त्यावरचा उजेड गेला. पाटी जागेवरून हलवली की तिचे अर्धे काम संपते, हे या व्यवहारातले दुखणे आहे.

वारसा कोणाचा?

महाराष्ट्रात मुंबईने १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियमावली केली. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यात १९३० च्या दशकातील रीगल आणि इरॉस ही चित्रपटगृहे आहेत. तेथे दर्शनी भागावरील नाव हे वास्तुरचनेचाच भाग असल्याने पाटीही सहजच वारशात मोडते. उपाहारगृहांच्या बाबतीत इराण्यांचे भाग्य थोडे बरे. कयानी (१९०४), ब्रिटानिया (१९२३), पुण्यातील गुडलक (१९३५) यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले. इराणी हॉटेलातील सूचनाफलकांना तर निस्सिम इझिकेल यांच्यासारख्या कवीने इंग्रजी कवितेत स्थान दिले. फाट्यावरच्या हॉटेलला असा कवी लाभला नाही.

तरीही त्याचा इतिहास जुळवणे अशक्य नाही. ग्रामपंचायतीच्या करआकारणी नोंदवहीत मिळकतीची नोंद असते. दुकाने व आस्थापना नोंदणीचे दाखले असतात. भूसंपादनाच्या निवाड्यात रस्त्यात गेलेल्या बांधकामांचे मोजमाप असते. परिसरातील पेंटरांच्या वह्या आणि मालकांच्या घरातील उद्घाटनाची छायाचित्रे हे तर सर्वांत विश्वसनीय साधन. छायाचित्र काढताना माणसे हमखास पाटीखाली उभी राहतात. हे सारे कोणी गोळा करायचे हा प्रश्न उरतो. गडावरच्या प्रत्येक चिरेबंदी पायरीचे मोजमाप घेणारे हौशी अभ्यासक पुण्यात शेकड्यांनी आहेत. गड उतरल्यावर ते ज्या बाकड्यावर बसून चहा घेतात, त्याची चौकशी करण्यास फार कष्ट पडणार नाहीत.

पाट्यांवर कायद्याचाही हात फिरला आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. मद्य प्यायचे तर परवाना हवा, या तरतुदीतून 'परमिट रूम' हा खास महाराष्ट्रीय शब्द जन्मला आणि महामार्गावरच्या रात्रीच्या पाट्यांवर सर्वाधिक उजळणारा शब्द बनला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतील मद्यविक्रीला मनाई केली. महामार्गावर मद्य उपलब्ध असल्याचे सांगणाऱ्या पाट्याही तत्काळ हटवण्याचे आदेश याच निकालात होते. मार्च २०१७ मध्ये वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर दोनशे वीस मीटरवर आणण्यात आले आणि पुढे आणखी सवलती मिळाल्या. मद्यपी चालकांमुळे होणारे अपघात पाहता या आदेशामागील हेतूवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. परंतु त्यामुळे महामार्गांवरील उजळत्या पाट्यांची एक संपूर्ण पिढी झाकली गेली, खरवडली गेली किंवा उतरली.

दुसरा बदल नावांचा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरीतील पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, अशीही अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अंमलबजावणीसाठी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. भोर-वेल्ह्यात या अटीने फारसे काही बिघडले नाही. तेथील पाट्या मुळातच मराठी होत्या. पण याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे. जेथे मद्य दिले किंवा विकले जाते, अशा आस्थापनेला थोर व्यक्तींची अथवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत. ज्या रस्त्यावरून क्षितिजावर किल्ले दिसतात, तेथे हॉटेलला किल्ल्याचे नाव देणे ही दीर्घकाळची रीत होती. वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. किल्ल्याचे नाव तालुक्याने धारण करायचे आणि त्याच तालुक्यातील परमिट रूमने ते पाटीवरून उतरवायचे, असा हा मामला आहे.